नावाआधीचं ‘कै.’

दोष गुरुजींचा होता. शिष्याचा नव्हता, यंत्राचा नव्हता, बदलत्या काळाचा तर मुळीच नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अशा कथांमध्ये गुरू काहीतरी विचित्र करतो, शिष्य गोंधळतो, मग गुरू मंद हसून चार वाक्यं बोलतो आणि ऐकणाऱ्याची खात्री पटते की अडाणी होता तो शिष्यच. या कथेतले गुरूही काहीतरी विचित्र करतात आणि चार वाक्यं बोलतात. मंद हसत मात्र कुणी नाही.

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी राहत असत. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते संगणक शिकले आणि वाचनालयाच्या माडीवर मुलांना वेबसाइट बनवण्याची विद्या देऊ लागले. ही गोष्ट कौतुकाची होती. गावानं कौतुक केलंही, आणि इतकं केलं की गुरुजींना त्याची सवय लागली. माडीवर येणारा प्रत्येक मुलगा आधी त्यांच्या पाया पडे, मग यंत्र सुरू करी. तिथला एक अलिखित नियम होता. ज्या कामाला गुरुजींचा हात लागला, ते काम नंतर कुणी उघडून पाहायचं नाही. पाहणं म्हणजे तपासणं, आणि तपासणं म्हणजे अपमान. हा नियम कुणाच्या सोयीचा होता, ते सांगायला नको.

गुरुजींचा एक शिष्य होता. त्यानं कॉलेज अर्ध्यात सोडलं होतं. का सोडलं, हे गुरुजींनी त्याला कधी विचारलं नाही. माडीवर पाहुणे आले की मात्र त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणत, "हा सोडून आलेला. वाया गेला होता. माझ्या हाताखाली सरळ झाला." पाहुणे मान डोलवत. शिष्य मान खाली घालून काम करत राही. मान खाली घालून काम करणाऱ्याला लोक विनयी समजतात. त्याला वर बघायची सोय नसते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

जिल्ह्यातल्या लोककलावंतांची एक वेबसाइट गुरुजींच्या देखरेखीखाली चालत असे. शाहीर, गोंधळी, सोंगाडे, सनईवाले, प्रत्येकाचं एक पान. यात्रा समित्या आणि उत्सव मंडळं तिथूनच माणसं शोधून बोलावत. आता, वेबसाइटच्या प्रत्येक पानाला दोन चेहरे असतात. एक आतला, म्हणजे पान उघडल्यावर मोठ्या अक्षरांत दिसतं ते नाव. दुसरा बाहेरचा, म्हणजे पानाचं शीर्षक. इंटरनेटवर शोधणाऱ्याला आधी हे शीर्षकच दिसतं, आणि ते वाचून तो ठरवतो की आत जावं की बाहेरूनच परतावं. हे शीर्षक वेबसाइटची प्रणाली आपलं आपण तयार करते. त्यात फेरफार हवा असेल तर कोडच्या दोनचार ओळी लिहून तिला तसं सांगावं लागतं. ती आज्ञाधारक असते. सांगितलं तेवढं करते, आणि न सांगितलेलं समजून घेत नाही.

एके दिवशी जिल्ह्यातले एक जुने शाहीर वारले. वाचनालयाचे अध्यक्ष गुरुजींना म्हणाले, "शाहिरांच्या नावाआधी ‘कै.’ दिसू दे. शोधणाऱ्याला बाहेरूनच कळलं पाहिजे. आणि पुढं कुणी गेलं तर आपोआप लागेल असं काहीतरी करा."

गुरुजींनी काम शिष्याला दिलं. शिष्यानं कोड लिहिला. पानावर मृत्यूची तारीख भरलेली असेल, तरच शीर्षकाआधी ‘कै.’ लावावं. त्यातलं ‘तरच’ ही अट. बाकीचं सारं लेकराच्या हातचं काम होतं. विचार जो काही होता तो त्या अटीत होता. लिहून झाल्यावर तो घरी जेवायला गेला.

तेवढ्यात अध्यक्ष दोन पाहुण्यांना घेऊन माडीवर आले. गुरुजींनी मोठ्या उत्साहानं शाहिरांचं पान उघडलं.

"कुठंय ‘कै.’?" अध्यक्षांनी विचारलं.

ते नव्हतं. शाहिरांच्या पानावर मृत्यूची तारीख भरायचीच राहून गेली होती. ती भरली असती तर काम क्षणात झालं असतं. किंवा ‘मला नीट कळत नाही, पोरगा येऊ दे’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पाहुण्यांसमोर हे वाक्य गुरुजींच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यांनी कोड उघडला.

"हे बघा, त्यानं इथं उगाच अट घालून ठेवलीय," ते म्हणाले. "या पोरांना सरळ काही लिहिताच येत नाही."

त्यांनी अट पुसली, बदल साठवला आणि शाहिरांचं पान पुन्हा उघडलं. ‘कै.’ हजर झालं.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "या वयात हे जमवता म्हणजे..."

"साधना," गुरुजी म्हणाले.

दुसरं एकही पान त्यांनी उघडून पाहिलं नाही.

शिष्य जेवून आला. "लागलं का, गुरुजी?"

"तुझं चालत नव्हतं. मी चालवलं."

"काय केलंत?"

"सगळंच सांगायचं असतं तर मी गुरू कशाला झालो असतो?"

माडीवरची मुलं हसली. शिष्यही हसला. नियमाप्रमाणे त्यानं ती फाइल पुन्हा उघडली नाही.

अट गेली आणि ‘कै.’ सुटं झालं. ते शाहिरांच्या नावाआधी लागलं, तसंच प्रत्येक सनईवाल्याच्या, सोंगाड्याच्या, गोंधळ्याच्या नावाआधी लागलं. ‘कै. संपर्क’ झालं, ‘कै. आमच्याविषयी’ झालं. आतल्या चेहऱ्यावर सगळी माणसं जिवंत होती. बाहेरच्या चेहऱ्यावर अख्खा जिल्हा वारला होता. माडीवर बसणारे रोज आतून काम करत, म्हणून त्यांना काही दिसलं नाही. शीर्षक हे बाहेरच्यांसाठी असतं, आणि बाहेर जाऊन आपल्या घराकडे पाहायची त्या माडीवर पद्धत नव्हती.

पुढं काही आठवड्यांनी एके सकाळी एक गृहस्थ माडीचा जिना चढून आले. खांद्याला कापडात बांधलेलं संबळ होतं. हणमंत पाचंगे त्यांचं नाव. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा संबळवादक नव्हता. गुरुजी त्या वेळी अध्यक्षांशी बोलत बसले होते, मुलं कामात होती.

"गुरुजी," पाचंगे म्हणाले, "मी कवा मेलो?"

"हे काय बोलणं, हणमंता. बस आधी."

"बसतो की. मेल्याला कसली घाई." ते बसले, संबळ मांडीवर घेतलं. "काल देवीच्या यात्रंला गेलतो. यंदा सांगावा आला न्हाई. म्हटलं, दरवर्साचं ठिकाण, ऱ्हायला असंल. मंडपात बसलो. माइकवाला म्हणाला, गेलेल्यांसाठी दोन मिन्टं उभं ऱ्हावा. समदी उठली, मीबी उठलो. मान खाली घातली. शेजारच्याला हळूच इचारलं, कोण गेलं रं? त्यो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. म्हणला, बुवा, तुमीच की."

मुलांपैकी एकजण फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"हास, हास. मंडपबी हासला. मीबी हासलो, काय करतोस. पर वाजवाय मिळालं न्हाई. माझ्या जागी शेजारच्या जिल्ह्यातला दुसरा बोलावला हुता, त्याला का उठवायचा? त्याची काय चूक? त्या देवीम्होरं माझ्या बापानं वाजवलंय, त्याच्या बापानं वाजवलंय. काल मी हात बांधून ऐकत बसलो. मंडळवाल्यास्नी इचारलं तर म्हणालं, तुमच्या वाचनालयानंच लिवलंय. म्हणून आलो. तेरावं कवा घालताय तेवढं सांगा, जेवायला येतो."

गुरुजींनी इंटरनेटवर त्यांचं नाव शोधलं. ‘कै. हणमंत पाचंगे, संबळवादक.’ त्यांनी दुसरं नाव शोधलं, तिसरं शोधलं. मग, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, स्वतःचं शोधलं. संपादक म्हणून त्यांचंही एक पान होतं. त्यांच्याही नावाआधी ‘कै.’ होतं. इतके दिवस ते तसंच होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं, कारण त्यांना कुणी शोधलंच नव्हतं.

आपण काय पुसलं होतं, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. यात शंका नको. पुढं पुष्कळांनी त्यांची बाजू घेताना म्हटलं की म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नसेल. आलं होतं.

अध्यक्ष त्यांच्याकडे पाहत होते. पाचंगे पाहत होते. सगळी माडी पाहत होती. गुरुजींनी हात उचलला आणि शिष्याकडे बोट केलं.

"याचं काम. कॉलेज सोडलेली पोरं, दुसरं काय होणार त्यांच्याकडून?"

शिष्य उठून त्यांच्या पडद्याजवळ आला. नियम मोडून त्यानं ती फाइल उघडली. ‘तरच’ जिथं होतं तिथं काही नव्हतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "अट होती."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

शिष्यानं उत्तर दिलं नाही. ज्या माणसाच्या रोज पाया पडलो त्याला चारचौघांत ‘होय’ म्हणायला जी जीभ लागते, ती त्याला कुणी शिकवली नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, असल्या पोराला ठेवू नका." गुरुजी होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तोच हो झाला.

शिष्यानं उभ्याउभ्याच अट पुन्हा लिहिली. शाहिरांच्या पानावर मृत्यूची तारीख भरली. मग पाचंग्यांच्या पाया पडला.

"पोरा," पाचंगे म्हणाले, "कुणाच्या नावाआधी असलं काय लावायचं तर एकदा त्याच्या घरला जाऊन यावं. जित्ता हाय का न्हाई, बघावं तरी."

"होय, बुवा," शिष्य म्हणाला, आणि गुरुजींकडे न बघता जिना उतरून गेला.

गाव लहान. त्या पोराला ‘जित्या माणसाला मारणारा’ असं नाव पडलं. बसस्थानकासमोरच्या छापखान्यात त्याला काम मिळायचं होतं, पण मालकानं हसत सांगितलं, "नको बाबा, लग्नपत्रिकेत नवऱ्याला कैलासवासी करशील." पोरानं गावात तोंड दाखवणं कमी केलं. ज्यानं अट लिहिली त्याच्यावर ही वेळ आली, आणि ज्यानं पुसली त्याच्या पाया पडणं सुरूच राहिलं.

पण गुरुजींना आता ते पाया पडणं सोसेना. कुणी वाकलं की ते पाय आखडून घेत. मुलांना अट कशी लिहावी हे शिकवायचा दिवस आला तेव्हा त्यांनी फळ्यावर ‘तरच’ एवढा एक शब्द लिहिला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि ‘आज एवढंच’ म्हणून वर्ग सोडला.

आणि मग ती विचित्र गोष्ट घडली. पाचंग्यांच्या प्रकारापासून गावात जो तो आपलं आणि दुसऱ्याचं नाव शोधून पाहू लागला होता. सगळ्यांची नावं आता ठीक होती. एकट्या गुरुजींच्या नावाआधी ‘कै.’ पुन्हा उगवलं होतं.

नातेवाइकांचे फोन येऊ लागले. गुरुजींच्या पत्नी एवढ्या संतापल्या की स्वयंपाक टाकून बाहेर आल्या. "माझ्या कपाळावर कुंकू आहे आणि जगाला हे काय दाखवताय? काढा ते."

"राहू दे," गुरुजी म्हणाले.

अध्यक्ष धावत माडीवर आले. "हे त्याच कार्ट्याचं काम. सूड घेतोय. पोलिसांत देतो त्याला."

"तसं नाही ते," गुरुजी म्हणाले.

"मग कसं आहे?"

गुरुजी गप्प राहिले. तेव्हाही गप्प राहिले, हे लिहून ठेवलं पाहिजे.

पोलिसांचं ऐकून दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्य स्वतःच माडीवर आला. वर्ग सुटला होता. गुरुजी एकटेच होते.

"मी काही केलेलं नाही," तो उभ्यानं म्हणाला.

"ठाऊक आहे. मी केलं. बस."

"बसत नाही. का केलंत?"

तेव्हा गुरुजी बोलले. "तुझी ओळ खरी होती. गेलेल्या माणसाच्या नावाआधी ती लागायलाच हवी. ती कुणाला लागावी आणि कुणाला लागू नये, हे सांगणारी अट मी पुसली. यंत्राला बुद्धी नाही, त्यानं सरसकट सगळ्यांना लावली. पण तुझ्यावर बोट केलं तेव्हा यंत्र नव्हतं, मीच होतो. ‘कॉलेज सोडलेली पोरं’ म्हणालो. त्या वाक्यातही अट नव्हती. जन्मभर मी असंच बोलत आलो, आणि लोक त्याला अनुभव म्हणत आले. म्हणून ती ओळ पुन्हा लिहिली, आणि या वेळी अट घालून लिहिली. पान माझं असेल, तरच. त्या दिवशी या माडीवर खरोखर कुणी गेलं असेल तर तो मी."

इतर कथांमध्ये इथं शिष्याचे डोळे भरून येतात आणि तो गुरूचे चरण धरतो. हा शिष्य थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

"चांगलं बोललात," तो म्हणाला. "पण हे तुम्ही मला एकट्याला सांगताय. गावाला वाटतंय की हेही मीच केलं. तुमचं प्रायश्चित्तसुद्धा माझ्याच माथी आलं, गुरुजी. तुम्ही परत आतूनच पान बघितलंत. आत लिहिलंय ‘गुरुजींना पश्चात्ताप झाला’. बाहेर जे दिसतंय ते आहे ‘पोरानं सूड घेतला’."

गुरुजींनी मान खाली घातली.

"आणि स्वतःला ‘कै.’ लावून घेणं सोपं आहे," शिष्य म्हणाला. "लोक हळहळतात. पाचंगेबुवांच्या दारात जाऊन ‘मी केलं’ म्हणणं अवघड. तिथं कुणी हळहळणार नाही."

"तू येतोस बरोबर?"

"नाही. घर तुम्हाला माहीत आहे."

घर गुरुजींना माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या माणसाचं पान सांभाळलं, पण दार पाहिलं नव्हतं. विचारत विचारत ते गोंधळ्यांच्या आळीत पोचले. पाचंगे ओट्यावर संबळाच्या दोऱ्या ओढत बसले होते. आसपासची माणसं गोळा झाली. गुरुजी ओट्याखालीच उभे राहिले.

"हणमंतराव," ते म्हणाले. आजवर ते ‘हणमंता’च म्हणत आले होते. "त्या पोरानं काही केलं नव्हतं. अट त्यानं लिहिली होती, मी पुसली. आणि तुमच्यासमोर त्याचं नाव घेतलं, तेही जाणूनबुजून. मला लाज वाटते."

पाचंग्यांनी दोरी ओढून गाठ मारली. मग मान वर केली.

"पोराला सांगितलंसा?"

"सांगितलं."

"आणि अध्यक्षास्नी?"

"नाही."

"मग हितं कशाला वेळ घालवताय?" पाचंगे म्हणाले. "माझं काय, यात्रा फुडल्या वर्सी परत हाय. त्या पोराचं फुडलं वरीस कुठं हाय?"

 आपण या दारात क्षमा मागायला आलो होतो आणि क्षमेची गरज दुसऱ्याच ठिकाणी होती, हे त्यांना उशिरा का होईना समजलं. मग ते तसेच वाचनालयात गेले. खाली वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांची गर्दी होती. तिच्यादेखत त्यांनी अध्यक्षांना सारं सांगितलं, काही न लपवता.

गावानं त्यांना लगेच माफ केलं. "असू द्या हो गुरुजी, वय झालं की होतं," अध्यक्ष म्हणाले. "आणि कबूल केलंत हे केवढं मोठेपण." दुसऱ्या दिवशी माडीवर पाया पडायला आणखी माणसं आली. म्हाताऱ्यांची चूक हा त्यांचा मोठेपणा ठरतो आणि पोरांची चूक ही त्यांची जात ठरते. गाव असंच माफ करतं. गुरुजींनी त्यातल्या कुणालाही वाकू दिलं नाही. नावाआधीचं ‘कै.’ त्यांनी काढून टाकलं, कारण आता त्यामागे लपता येत नव्हतं. मग ते शिष्याच्या घरी गेले. छापखान्याच्या मालकाला आपण सर्व सांगून आलो आहोत, असं त्यांनी त्याला सांगितलं, आणि माडीवर परत ये म्हणाले. शिष्यानं त्यांना पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. परत येण्याविषयी तो काही बोलला नाही.

नियम लावण्याआधी तो कुणाकुणाला लागेल हे बघावं, असं या कथेचं तात्पर्य कुणी सांगेल. ते खरंच आहे. पण चुकीच्या माणसाला लागून गेला असेल, तर ज्या चारचौघांत तो लावला त्याच चारचौघांत तो काढावा, आणि त्याच दिवशी काढावा.

गुरुजींनी तो उशिरा काढला. शिष्य परत आला नाही.